हवा घेणारी गाडी

उस्तादांच्या गॅरेजात गाडी नेली की बॉनेट उघडायच्या आधी गाडीवाल्याला बसवलं जायचं. जीपमधून काढलेली एक फाटकी सीट भिंतीला टेकवून ठेवली होती, तिच्यावर. मग समोर स्टुलावर उस्ताद बसायचे, चिंधीला हात पुसत, आणि विचारायचे, "बिघडायच्या आधी काय झालं व्हतं?"

"काही नाही, अचानक बंद पडली," असं मी पहिल्या भेटीत म्हणालो. उस्ताद उठले आणि दुसऱ्या गाडीकडे निघून गेले. मी बराच वेळ त्या सीटवर बसून राहिलो. शेवटी तेच फिरकले आणि म्हणाले, "काही नाय म्हणणाऱ्याची गाडी मी घेत नाय. कुणी तरी काय तरी केल्याबिगर बिघाड व्हत नसतो. निवांत आठवा." एका वकिलाला म्हणे त्यांनी असंच बसवून ठेवलं होतं. वकिलानं मेव्हण्याला गाडी दिली होती आणि मेव्हण्यानं तिच्यात सिमेंटची पोती वाहिली होती, हे वकिलाला बायकोसमोर कबूल करावं लागलं. गाडी सुधारली, मेव्हण्याचं येणं बंद झालं.

मी तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात गाड्यांचं काम बघत होतो. साहेबांच्या मोटारी, मालाचे टेंपो, कामगारांची बस, जे काही चाकावर चालत होतं ते माझ्या गळ्यात. शहर त्या वर्षांत दिसामासानं फुगत होतं. इकडे चिकलठाणा भरला, तिकडे वाळूजच्या माळावर शेड उभ्या राहिल्या, आणि आमच्या कन्नड तालुक्याकडची पोरं एसटीनं येऊन एकेका खोलीत सहा-सहा जण राहायला लागली. मीही त्यातलाच, फक्त थोडा आधी आलेला. घरी जमीन होती, पण तीन भावांना पुरेल एवढी नव्हती.

उस्तादही कन्नडच्याच बाजूचे निघाले, घाटातल्या एका वाडीवरचे. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. नुसत्या खोकण्यावरून कुठल्या मेंढराला काय झालंय ते सांगायचे, असं उस्ताद सांगत. शहरात त्यांना सगळे उस्तादच म्हणत. हा मान एका जुन्या मुसलमान मिस्त्र्यानं त्यांना दिला होता आणि त्याच्या माघारी तो त्यांनाच चिकटला. मला ते गाववाले म्हणत आणि त्या नात्यानं चार शब्द जास्त सुनावत.

गॅरेज होतं त्या क्रांती चौकात त्यांचा कान हा कौतुकाचा विषय होता. इंजन सुरू केलं की गॅरेजात कुणी बोलायचं नाही, शिंकायचं नाही. शेजारचा पानवाला रेडिओ बंद करायचा. एकदा एक पाहुणे गृहस्थ मध्येच "नमस्कार" म्हणाले, तर उस्तादांनी त्यांना हाताला धरून रस्त्यावर नेऊन उभं केलं आणि परत आले. लोकांना याची मजा वाटे. मलाही वाटायची. पण हा माणूस फक्त इंजनच ऐकतो, हे मला पुढं फार वाईट रीतीनं कळलं.

नामांतराचे दिवस होते ते. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव होऊन वर्षं लोटली होती, तरी नाव काही बदललं नव्हतं. मोर्चे निघत, बंद होत, चौकात पोलिसांची गाडी कायमची उभी. बंद म्हणजे आमच्या उस्तादांची दिवाळी. रस्ता सुनसान, हॉर्न नाही, लाऊडस्पीकर नाही. शटर अर्धं खाली ओढून ते आत एकेक इंजन लावून ऐकत बसायचे आणि संध्याकाळी खुशीत म्हणायचे, "आज लई काम झालं." बंद कशासाठी होता ते विचारायची त्यांना गरज वाटत नसे. नामांतराचा विषय निघाला की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पाटी बदलल्यानं गाडीचा ॲव्हरेज वाढतो का?" गिऱ्हाइकं हसायची. सुरुवातीला त्यांचा जोडीदारही हसायचा म्हणतात.

या जोडीदाराला मी तोवर पाहिलेलं नव्हतं. मी यायच्या आधीच तो गॅरेज सोडून गेला होता. दोघं एकाच मिस्त्र्याच्या हाताखाली शिकलेले, दोघांनी मिळून हे गॅरेज उभं केलेलं. उस्ताद ऐकायचे, तो खोलायचा आणि जोडायचा. त्याच्या बोटांना कळायचं ते कानाला कळत नाही, हे उस्ताद स्वतः सांगत, आणि दुसऱ्या कुणाबद्दल असं बोलताना मी त्यांना ऐकलेलं नाही. जोडीदार गेल्यावर उस्तादांनी इंजन पूर्ण खोलायची कामं घेणंच सोडलं. दुसरा माणूस ठेवला नाही. त्याचे पाने अजून खिळ्याला तसेच टांगलेले होते, आणि त्यांना हात लावलेला उस्तादांना चालत नसे.

तो का गेला, हे उस्तादांना माहीत नव्हतं. भांडण झालं नव्हतं. एक दिवस तो म्हणाला, वाळूजला नोकरी लागली, जातो. बस. यावर उस्तादांनी डोकं किती खाजवलं असेल त्याला हिशेब नाही. "कुणी तरी काय तरी केल्याबिगर असं व्हत नसतं, गाववाले," ते मला म्हणत. "पण मी तर त्याचं वाईट काय केलं नाय. उलट त्या वर्षी..."

आणि मग ती गोष्ट यायची. ती चौकात सगळ्यांना पाठ होती. नामांतराच्या ठरावानंतर खेड्यापाड्यांत जाळपोळ झाली, तेव्हा जोडीदाराच्या गावात दलितांच्या वस्तीतली घरं पेटवली गेली. त्याची आई, भावजय, पोरंसोरं नेसत्या कपड्यांनी शहरात आली. त्याची स्वतःची भाड्याची खोली होती, पण घरमालकानं त्याच आठवड्यात त्याला बाहेर काढलं. उस्तादांनी त्या सगळ्यांना गॅरेजात ठेवलं. गल्लीतली चार टाळकी संध्याकाळी विचारायला आली, तर हातात पाना घेऊन शटरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, आत जायचं तर माझ्यावरून जावं लागंल. हे खरं होतं. पानवाल्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसांत असं उभं राहायला छाती लागत होती, आणि ती या माणसाकडे होती, हे मी आजही मान्य करतो.

"माझ्या शटरच्या आत ठेवलं," ते दर वेळी छातीवर हात ठेवून म्हणायचे. "कुणाच्या बापाला भ्यालो नाय."

आता त्या जागेवर टाइल्सचं दुकान आहे आणि उस्तादांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की लोक कानाच्या गोष्टी सांगतात. मला आठवते ती कारखान्याच्या धाकट्या साहेबांची लाल गाडी.

ही गाडी जपानी होती. धाकटे साहेब परदेशात होते, येताना ती बोटीनं आणली. बुटकी, रुंद, दोनच दारं. तिच्या इंजनात पिस्टन नव्हते. अंड्याच्या आकाराच्या पोकळीत एक तिकोनी लोखंडी गड्डा गरगर फिरायचा, आणि त्याच्या तीन बाजू आळीपाळीनं पेट्रोल ओढायच्या, दाबायच्या, जाळायच्या. असे दोन गड्डे. वर आणखी टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारी पंखी, जी इंजनात हवा कोंबायची. जालना रोडला ती सुसाट जायची. पण चौकात लाल दिव्याला उभी राहिली की अंगात थंडी भरल्यासारखी थरथरायची आणि बंद पडायची. मागून रिक्षावाले शिव्या द्यायचे, आणि साहेबांच्या चिरंजीवांना त्या ऐकून घ्यायची सवय नव्हती.

मी ती उस्तादांकडे नेली. धाकटे साहेब जीपच्या सीटवर बसायला तयार नव्हते, पण बसले. "बिनपिस्टनची," उस्ताद बॉनेटमध्ये बघून पुटपुटले. मग त्यांनी कपाटातून गेज आणला. हा व्हॅक्यूमचा गेज लष्कराच्या लिलावातला, पितळी कडेचा. इंजन किती जोरानं हवा ओढतंय ते त्याचा काटा दाखवतो. इंजनाच्या एका तोटीला रबरी नळी लावायची, गेज समोर टांगायचा आणि गाडी चालू करायची, हा कुठल्याही गाडीचा पहिला विधी. काटा जिथं असायला हवा त्याच्या बराच खाली लटकत होता.

"हवा घेतेय," उस्ताद म्हणाले. म्हणजे कुठल्या तरी भेगेतून बाहेरची हवा चोरून आत शिरतेय.

पहिल्या दोन-चार दिवसांतच त्यांना ती भेग सापडली. टर्बोच्या मागं एक रबरी नळी उष्णतेनं भाजून खालच्या अंगानं चिरली होती. ती बदलली. सगळे खूश. गेज लावला, गाडी चालू केली, तर काटा तिथंच आणि थरथर तशीच.

तिथून पुढं जे सुरू झालं त्याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. उस्तादांनी पकडीनं एकेक नळी दाबून पाहिली, आवाज बदलतो का ते ऐकलं. इंजनाच्या प्रत्येक जोडावर ब्रशनं रॉकेल फिरवून ऐकलं. प्लग काढून स्टार्टर मारला आणि त्या भोकापाशी कान नेला. हफ, हफ, हफ. तीन बाजूंचे तीन श्वास, तिन्ही सारखे. दुसऱ्या गड्ड्याचेही तसेच. "आतून ठणठणीत हाय," ते म्हणाले, "इंजन गेलेलं नाय." मग गाडीच्या सगळ्या नळ्या बदलल्या. पॅकिंगा नव्या कापल्या. गाडी चालू केली की थरथर, आणि काटा खालीच. बाकीची कामं परत जायला लागली. उस्ताद वर माडीवर घरी जेवायला जायचं विसरायला लागले. मी सांगितलं, मुंबईला पाठवू, साहेबांचीही तयारी आहे. ते म्हणाले, "मला ऐकू येतंय ती हवा घेतेय. कुठून ते दिसंना."

एका दुपारी ते माझ्या शेजारी त्याच सीटवर बसले. एवढ्या दिवसांत मी त्यांना तिथं बसलेलं पाहिलं नव्हतं. खिळ्यावरच्या पान्यांकडे बघत म्हणाले, "तुम्ही वाळूजला जाता ना कंपनीच्या कामाला? त्याला निरोप द्या. म्हणावं, हाताचं काम हाय." मग थोड्या वेळानं म्हणाले, "गाडीचं निमित्त हाय, गाववाले. तो आला पायजे. एकदा आला तर मी त्याला पुन्हा जाऊ देत नाय." मला त्यांची कीव आली, आणि त्या गाडीचा पहिल्यांदाच राग आला नाही.

जोडीदार मला वाळूजच्या, साचे-हत्यारं बनवणाऱ्या एका टूलरूमच्या फाटकाबाहेर भेटला. बजाजनगरात त्यानं घर बांधलं होतं. उंच, शांत माणूस, कानाशी पांढरे केस. निरोप त्यानं ऐकून घेतला. मग विचारलं, "बिनपिस्टनची म्हणता?" मी मान हलवली. "रईवारी येतो. गाडी बघायला येतो, म्हणून सांगा त्याला."

रविवारी उस्तादांनी दाढी केली होती. जमीन झाडून, रॉकेलनं पुसून ठेवली होती. जोडीदार आला तो सीटवर बसला नाही. आजूबाजूला बघितलं नाही. बॉनेटपाशी गेला आणि म्हणाला, "चालू कर."

गाडी चालू झाली, थरथरायला लागली. गेज समोर टांगलेला. जोडीदारानं कान लावला नाही. डोळे अर्धे मिटून तो नळ्यांवरून, जोडांवरून नुसती बोटं फिरवत गेला. पुढून मागं, मागून पुढं. उस्ताद त्याच्या तोंडाकडे बघत होते. बोटं एका जागी थांबली आणि इंजनाचा आवाज एकदम निवळला. बोट उचललं, थरथर परत. बोट ठेवलं, थांबली.

बोट गेजच्या नळीवर होतं. टर्बोवरून वळसा घेऊन आलेली ती नळी, तोटीवर बसवतात तिथं क्लिपखाली भाजून चिरली होती. जोडीदारानं ती उपसून काढली आणि तोटीचं भोक अंगठ्यानं बंद केलं. लाल गाडी जागच्या जागी, अंगातला ताप उतरावा तशी, शांत चालू राहिली.

"गेज काढून चालवली व्हतीस का कव्हा?" त्यानं विचारलं.

"गेज काढून?" उस्ताद म्हणाले. "मग कळणार कसं?"

म्हणजे गाडी पहिल्याच आठवड्यात सुधारली होती. त्यानंतर ती हवा घेत होती ती उस्तादांच्याच नळीतून, आणि नळी लावल्याशिवाय त्यांनी एकदाही इंजन चालू केलं नव्हतं. मला हसू यायला हवं होतं. पण उस्तादांचा चेहरा बघून हसवेना.

त्यांना गाडीचं काही पडलेलंच नव्हतं. घाईघाईनं चहा सांगितला. म्हणाले, "बघ. तुझ्याबिगर चालत नाय. तू परत ये. पाटीवर तुझं नाव टाकतो. आधी तुझं, खाली माझं." जोडीदार चिंधीला हात पुसत राहिला. "नको," एवढंच म्हणाला.

"का नको? का गेलास तेवढं तरी सांग. मी काय केलं? जीवावर उदार हून तुम्हाला ठेवलं मी. इथं."

"व्हय, इथं," जोडीदार म्हणाला. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. "ह्या जमिनीवर. आई त्या डिझेलच्या वासानं सारखी खोकायची. पोरांच्या अंगाला ग्रीस लागायचं. तू वर माडीवर एकटा व्हतास. वहिनी माहेरी गेलती. तुझा पंखा चालू व्हता. आम्हाला खाली त्याचा आवाज यायचा."

उस्ताद म्हणाले, "मला... ते माझ्या ध्यानातच आलं नाय रे."

"नाय आलं. ते माहीत हाय मला. म्हणून तर भांडलो नाय." त्यानं चिंधी बॉनेटवर ठेवली. "तू शटरसमोर उभा राहिलास ते मी मरेपर्यंत इसरणार नाय. पण ते तू सगळ्यांना सांगायचास आणि मी समोर उभा असायचो. शेवटी नाय ऐकवलं."

चहा आला, तो तसाच राहिला. उस्ताद म्हणाले, "आईला घेऊन ये. आत्ता घेऊन ये. वर घेऊन ये."

"आई गेली. दोन पावसाळे झाले."

"मला कळवलं नाय?"

"मरायच्या आधी तुझी आठवण काढायची ती. कळवलं असतं तर तू आला असतास," जोडीदार म्हणाला. "आणि तिनं तुला घरात बसवलं असतं. आतल्या खोलीत, तिच्या खाटंवर. मला ते बघवलं नसतं."

तो गेला. उस्तादांनी त्याला थांबवलं नाही. मी गाडी न्यायची म्हणून किल्ली मागितली, तर म्हणाले, "वर चला."

मी वर्षानुवर्षं त्या गॅरेजात बसलो होतो, पण त्यांच्या माडीवर कधी गेलो नव्हतो. बोलावलंच नव्हतं. लोखंडी जिन्यानं वर गेलो. वर एकच खोली होती, पण केवढी. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसती मोकळी फरशी, दोन खिडक्या, वारा येत होता. वहिनी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. उस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते खोलीच्या मधोमध उभे होते.

"म्हातारीला इथं," त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "इथं हवा येते. भावजयीला आन् पोरींना त्या भिंतीशी. पोरांना हितं मधी. तो दारापाशी झोपला असता, त्याला पहाटं उठायची सवय."

सगळे मावले. अजून जागा उरली होती. उस्ताद त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळले. एखादी साधी, कधीही सुचू शकली असती अशी गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "आन् मी खाली झोपलो असतो, गाववाले. मला त्या वासाची सवय हाय."